शेवटून वाचलेला पत्ता

आमच्या घरात पत्ता शेवटून वाचतात. हे, म्हणजे माझे यजमान, छत्तीस वर्षं टपालाच्या छाननी खोलीत उभे होते. समोर भिंतभर खणांचं कपाट, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजवा हात सतत खणांकडे. छाननी करणारा माणूस पाकिटावरचं नाव वाचत नाही. तो आधी सगळ्यात खालची ओळ बघतो, तिथे देश असतो. मग तिच्यावरची, शहराची. मग रस्ता. नावापर्यंत नजर पोचायच्या आत पत्र खणात गेलेलं असतं. "नाव वाचणं हे पोस्टमनचं काम," असं हे म्हणतात. मला बघायला आले तेव्हा यांनी आधी माझं गाव विचारलं, मग रस्ता, आणि निघताना दारात बूट घालता घालता नाव. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

कचेरीत यांना 'चाळणी' म्हणायचे, कौतुकानं. यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेलं नाही, अशी ख्याती होती. चाळणीला भोकं असतात, हे त्या कौतुकाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

निवृत्त झाल्यावर सहा महिने हे घरभर रिकाम्या हातांनी फिरले. चमच्यांचा खण लावून झाला, औषधांच्या बाटल्या लावून झाल्या. एक दिवस माझी दोऱ्याची रिळं यांनी रंगांऐवजी उरलेल्या लांबीप्रमाणे लावून ठेवली, तेव्हा मात्र मी परगावी राहणाऱ्या लेकीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या वडलांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर मीच त्यांना कुठल्यातरी खणात घालून ठेवीन."

लेकीनं संगणक पाठवला. बाबांनी फसू नये म्हणून सोबत एक कागदही पाठवला. इंटरनेटवरच्या पत्त्याच्या शेवटी ठिपक्यानंतर जे येतं, त्याचा अर्थ त्यावर लिहिला होता. मी त्याला शेपूट म्हणायची. हे म्हणायचे, शेवटची ओळ. तो कागद यांनी संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला आणि त्यावर पेन्सिलीनं स्वतःचे शेरे लिहिले. डॉट गव्ह म्हणजे सरकार, ताठ बसून वाचावं. डॉट एज्यु म्हणजे शिक्षणाचं ठिकाण, विश्वास ठेवायला हरकत नाही. डॉट ऑर्ग म्हणजे संस्था, आदरानं वागवावं. डॉट कॉम म्हणजे व्यापारी, खिसा सांभाळावा. डॉट नेट म्हणजे जाळं, आणि जाळं चांगल्या हेतूनं कुणी टाकत नाही. नुसती दोन अक्षरं असली, तर तो देश.

लेकीला वाटलं होतं, बाबा यावर बुद्धिबळ खेळतील. यांनी छाननीची खोली परत उभी केली.

शेजारचे घड्याळजी ज्या साइटवर मालिका बघतात, तिचा पत्ता डॉट टीव्हीनं संपतो. यांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, की ती दोन अक्षरं टेलिव्हिजनची नाहीतच, भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटराष्ट्राची आहेत आणि ते राष्ट्र ती जगाला वापरायला देतं. घड्याळजी हसले. मग त्यांनी खात्री करून घेतली, तर ते अगदी खरं निघालं. खरं निघालं, तिथेच घात झाला. त्या दिवसापासून यांना स्वतःबद्दल शंका म्हणून उरली नाही.

संस्थांवर तर यांचा भारी लोभ. एका आरोग्य मंडळाकडून पाठीच्या कण्यावरच्या व्याख्यानाचं आमंत्रण आलं. पत्ता ऑर्गनं संपत होता. हे टाय लावून गेले. तीन तासांनी परत आले ते हातगाडीवर गादी घेऊन. मी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "विकत नाहीत ते. संस्था आहे. देणगी दिली की गादी देतात." त्या गादीला मधोमध खड्डा आहे. भांडून दोन टोकांना झोपलो, तरी सकाळी आम्ही दोघं मध्येच सापडतो.

घरचा मेलचा पत्ता एकच, आणि त्या खिडकीवर हे. रोज सकाळी दहाला चष्मा पुसून बसायचे. यांचे नियम कचेरीतलेच होते. आलेलं टपाल फाडायचं नाही, फेकायचं नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्याची शेवटची ओळ ओळखीची असेल तर आत घ्यायचं, नसेल तर पाठवणाऱ्याला शेरा मारून परत करायचं: 'पत्ता अपुरा. पाठवणाऱ्याकडे परत.' एवढंच. आत काय लिहिलंय ते बघायचं नाही. परत पाठवायचं पत्र उघडणं यांच्या लेखी गुन्हा होता. विषयाची ओळ न उघडताही दिसते म्हणतात, पण ती असते वर, आणि वरचं वाचायची यांना सवय नाही.

आता माझं सांगते. मी रफू करते. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल आहे. कसरीनं खाल्लेलं, निखाऱ्यानं जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं माझ्याकडे येतं. त्याच कपड्याच्या दुमडलेल्या काठातून मी धागे काढते आणि भोकावर एकेक उभा, एकेक आडवा असं पुन्हा कापड विणते. काम चांगलं झालं, की गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं तेच सापडत नाही, आणि मग त्याला वाटतं, फार मोठं नसेलच. एकोणतीस वर्षं मी असं काम करत आले, जे कुणाच्या नजरेत आलं तर बिघडलं.

वसंताच्या सुरुवातीला एक बाई आल्या, कोपरावर फाटलेला राखाडी कोट घेऊन. कोट न्यायला आल्या तेव्हा पर्समधून त्यांनी भिंग काढलं. बाही उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी नेली. शेवटी म्हणाल्या, "कुठे आहे?" मी सुईच्या टोकानं दाखवलं. त्यांनी तिथे पुन्हा भिंग धरलं.

बाई एका वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्र विभागात होत्या. बसनं दोन तासांवर. त्यांच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचा एका जहाजाच्या कप्तानाचा लोकरी कोट होता. खांदे आणि छाती कसरीनं पोखरलेली. असं काम करणारं कुणी त्यांना मिळत नव्हतं. "समितीची परवानगी आली की मेल करते," त्या म्हणाल्या. "आणि काम झालं की काचेच्या कपाटाशेजारच्या पाटीवर कारागिराचं नाव लागतं."

त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला त्यांना पुन्हा विचारावं लागलं. मी पावतीच्या मागे घरच्या मेलचा पत्ता लिहून दिला.

यांना मी काही सांगितलं नाही. कुणी म्हणेल का नाही सांगितलं, तर सांगते. मी काहीही सांगितलं की हे त्याची पद्धत ठरवतात, नोंद ठेवतात आणि रोज सकाळी त्याचा अहवाल देतात. आणि दुसरं म्हणजे, मला भीती वाटत होती. ते पत्र आलंच नाही तर हे माझं सांत्वन करतील, आणि यांचं सांत्वन मला सोसत नाही. आलं की टेबलावर ठेवीन आणि म्हणीन, हे बघा. इतकंच मनात होतं. पाटीवरचं माझं नाव मी भाजी चिरताना, पायपुसणं झटकताना मनातल्या मनात किती वेळा वाचलं, ते माझं मला माहीत.

रोज चहा देताना मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "काही आलं का?"

"काय यायचंय?"

"काही नाही हो, सहज."

"बारा आली. नऊ कॉम, दोन गव्ह, एक भलतंच. परत पाठवलं."

"भलतंच म्हणजे?"

"शेवटच्या ओळीत मनाला येईल ते लिहिलंय. हल्ली लोकांना वाटतं, ठिपक्यापुढे काहीही खरडलं की झाला पत्ता."

मी हसले. खरंच हसले. "लोकांना काय, उद्योग नाहीत," असंही वर म्हटलं.

पुढच्या आठवड्यात भलतंच परत आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. "चिवट आहे," हे म्हणाले आणि तिसऱ्यांदा शेरा मारला. मी तेव्हा एका पँटचा खिसा शिवत होते. मनात म्हणत होते, बाई विसरल्या. मोठ्या जागची माणसं, कोपर रफू करून मिळालं, काम झालं. चौथ्या आठवड्यात मी यांना विचारणं सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. दोन दिवस हाताला नीट टाका येईना.

आणि मग कागदी पत्र आलं. पोस्टमन यांच्याच हाताखाली तयार झालेला, तो अजून यांना बघून पाय जुळवतो. त्यानं पाकीट यांच्या हातात दिलं. यांनी मागचा, पाठवणाऱ्याचा पत्ता खालून वर वाचला. देश, शहर, रस्ता, मग म्हणाले, "वस्तुसंग्रहालय? तुझ्या नावानं?" आणि न उघडता माझ्यापुढे धरलं. दुसऱ्याचं पाकीट हे दिव्यासमोरसुद्धा धरत नाहीत.

मी मोठ्यानं वाचलं. बाईंनी लिहिलं होतं: 'आपल्याला तीन वेळा मेल केली. तिन्ही वेळा पत्ता अपुरा असल्याचं उत्तर आलं. पहिल्यांदा माझीच चूक असेल असं वाटलं. तिसऱ्यांदा मात्र आपल्याला हे काम नको आहे, असं समजले. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असल्यानं कोट दुसऱ्या कारागीर बाईंकडे दिला आहे. तरी राहवलं नाही म्हणून पावतीवरच्या पत्त्यावर लिहीत आहे. आतलं अस्तर अजून बाकी आहे. ते काचेतून दिसणार नाही, त्यामुळे आपल्याला विचारायलाही संकोच वाटतो.'

मी कागद खाली ठेवला. हे भिंतीवरच्या यादीकडे बघत होते.

"ते भलतंच," मी म्हटलं. "काय होती हो त्याची शेवटची ओळ?"

"डॉट म्युझियम." यांचा आवाज खाली गेला होता. "पण अशी ओळच नाही. बघ ना यादीत."

"आत काय आहे ते एकदासुद्धा उघडून बघावंसं वाटलं नाही?"

"परत करायचं पत्र उघडायचं?" हे खरोखर दुखावले. "छत्तीस वर्षांत कधी उघडलं नाही मी."

चोर असता तर चार शब्द सुनावले असते. मी लेकीला फोन लावला आणि यांनाही ऐकू जाईल असा मध्ये ठेवला.

"म्युझियम?" लेक म्हणाली. "आहे ना. बरंच जुनं आहे. सुरू झालं तेव्हा तर आपण खरंच वस्तुसंग्रहालय आहोत असं दाखवल्याशिवाय ते कुणाला मिळायचंच नाही. का हो बाबा?"

"आणि ऑर्ग?" यांनी विचारलं.

"ऑर्ग काय, कुणालाही मिळतं. मी आत्ता चहा पिता पिता घेऊ शकते."

दाराच्या फटीतून गादीचं एक टोक दिसत होतं, त्याकडे हे बघत बसले.

"पण यादीत तर सहाच आहेत," शेवटी म्हणाले.

"नेहमीच्या तेवढ्या लिहिल्या होत्या हो मी. सगळ्या मिळून हजाराच्या वर आहेत."

हजार खण आणि यांचं कपाट सहा खणांचं. हे उठले, भिंतीवरचा कागद नखानं हळूहळू सोडवला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातून एक पत्र हरवलं."

"हरवलं नाही," मी म्हटलं. "पत्र घरी आलं होतं. तीन वेळा दारात आलं होतं. तुम्ही हाकललंत. साऱ्या जन्मात मला एक पत्र येणार होतं, आणि तुम्ही त्याला पत्ता अपुरा म्हणालात!"

मी ओरडले, हे कबूल करते. घड्याळजींच्या घरातला रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं, तरी मी थांबले नाही. त्यानंतर तीन दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि घरातलं काम मीच करत असल्यामुळे ते बोलणंही झालं नाही. गादीनं मात्र आपलं काम चोख केलं. सकाळी आम्ही दोघं खड्ड्यातच असायचो, एकमेकांकडे पाठ करून.

चौथ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. अस्तर तर अस्तर. नाही म्हणायला मन तयार होईना, काय करू? दोनशे वर्षांपूर्वीचा धागा हाताखाली येणार, हे मला सोडवेना. पाकिटावर पत्ता मीच लिहिला, वरून खाली, नावापासून. हे म्हणाले, "दे, मी टाकून येतो." कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जायला पाच मिनिटं लागतात. हे संध्याकाळी परतले. बसनं दोन तास गेले, संग्रहालयाच्या दारात बाईंच्या हातात पत्र दिलं, पोच म्हणून त्यांची सही घेतली आणि दोन तासांनी परत आले. ज्या माणसानं उभा जन्म टपालावर काढला, त्याला एक पत्र टपालात टाकायचा धीर झाला नाही. मी ती सही बघितली आणि म्हटलं, "जेवून घ्या."

अस्तर रेशमी होतं, शेवाळी रंगाचं, काखेत घामानं विरलेलं. मी तीन आठवडे रोज सकाळच्या बसनं जात होते. बाईंनी उत्तरेकडची खिडकी दिली होती. दुसऱ्या कारागीर बाईंनी खांद्याचं काम केलेलं होतं, ते मी बघितलं. चांगलं होतं. माझ्याइतकं नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही, इथे तेवढं सांगते. आठव्या दिवशी आतल्या खिशाजवळ मला जुनं रफू सापडलं, माझ्याआधी कुणीतरी केलेलं, इतकं बारीक की बाईंच्या भिंगातूनही आधी निसटलं होतं. कोण होती ती, कुठेही नोंद नाही. मी त्या जागेला हात लावला नाही, तिच्या शेजारून माझं काम सुरू केलं.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. यांनी तोच टाय लावला होता. कप्तानाचा कोट काचेच्या कपाटात उभा होता, गळ्यापर्यंत सगळी पितळी बटणं लावलेली. अस्तराचा एक दोराही दिसत नव्हता. दिसणार नाहीच हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन्ही बाजूंनी जाऊन बघितलं.

शेजारी पाटी होती, चांगली दोन हात उंच. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत कप्तानाचं नाव. मग जहाजाचं. मग साल, मग कोट कुणी दिला, प्रदर्शनाला मदत कुणी केली, लोकर कुठली, बटणं कुठली, खांदे आणि छातीचं काम कुणाचं. आणि गुडघ्याच्या उंचीवर, बारीक अक्षरांत, एक शेवटची ओळ. बाईंनी शब्द पाळला होता. मी भिंतीला टेकून लोकांकडे बघत राहिले. लोक यायचे, कप्तानाचं नाव वाचायचे, जहाजाचं वाचायचे, फार तर सालापर्यंत उतरायचे आणि पुढच्या तलवारीकडे जायचे. अर्ध्या तासात एकही माणूस बटणांच्या खाली पोचला नाही. राग कुणाचा करायचा? मीही पाटी तशीच वाचते.

मग हे आले. दाराशी आमचे कोट ठेवायला रांग होती म्हणून मागे राहिले होते. काचेतल्या कोटाकडे यांनी बघितलंही नाही. सरळ पाटीपाशी गेले, चष्मा काढला, पुसला, लावला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पार खाली वाकले, सवयीनं, सगळ्यात शेवटच्या ओळीपर्यंत.

मागे माणसं खोळंबली. पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का? पुढे सरकता?"

"थांबा हो जरा," हे तसेच वाकलेले, "पत्ता वाचतोय."

त्या ओळीत पत्ता नव्हता, नुसतं माझं नाव होतं. यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि मग तिथूनच माझ्याकडे बघितलं. वरचं काही यांनी वाचलंच नाही.